स्वतःच्या किल्लीवर स्वतःची सही

परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीच्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी सातबारा लागला, तर आता तलाठ्याच्या शाईच्या सहीसाठी खोळंबून राहावे लागत नाही. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरले की उतारा हाती येतो आणि त्यावर वेगळा सही-शिक्का लागत नाही. मग तो उतारा खरा कशावरून? तलाठ्याकडच्या खासगी किल्लीने त्या नोंदीवर गणिती सही केलेली असते, आणि त्या किल्लीच्या जोडीची सार्वजनिक किल्ली घेऊन ती सही कोणालाही तपासता येते. ती सार्वजनिक किल्ली तलाठ्याचीच कशावरून? परवानाधारक प्रमाणन प्राधिकरणाने तसे प्रमाणपत्र दिले आहे म्हणून. त्या प्राधिकरणाची किल्ली खरी कशावरून? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये नेमलेल्या नियंत्रकाने ती प्रमाणित केली आहे म्हणून. आणि नियंत्रकाची किल्ली?

साखळी तिथे संपते. नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्रावर त्याच्या स्वतःच्याच किल्लीची सही असते. परभणी जिल्ह्यातल्या एका गटनंबरापासून निघालेला विश्वासाचा प्रश्न दिल्लीपर्यंत जातो आणि एका स्वतः केलेल्या सहीपाशी थांबतो. त्या सहीच्या वर आणखी कोणी साक्षीदार नाही. ती मानायची, कारण कायद्याने त्या पदाला तो अधिकार दिला आहे आणि ती किल्ली उघडपणे प्रसिद्ध केलेली आहे.

ही पुस्तिका ई-मेल कुलूपबंद करण्याविषयी आहे. तिथे नियंत्रक नाही, परवाना नाही, प्राधिकरण नाही. किल्ल्यांची जोडी आपणच आपल्या संगणकावर बनवायची, आणि आपल्या सार्वजनिक किल्लीवर पहिली सही आपणच करायची. साखळीच्या ज्या टोकाला सरकारात नियंत्रक उभा असतो, त्या टोकाला इथे प्रत्येक माणूस स्वतः उभा असतो. या पहिल्या सहीला पुढच्या पानांत ‘स्वसही’ म्हटले आहे. आजची सॉफ्टवेअर ती न विचारताच करून टाकतात, त्यामुळे ती आहे हेसुद्धा बहुतेकांना ठाऊक नसते. पण किल्लीवरची बाकी सारी रचना तिच्यावर उभी असते. म्हणून प्रस्तावनेत तिच्याविषयीच सविस्तर लिहीत आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. कुलूप लावण्याची किल्ली एक आणि उघडण्याची दुसरी, ही कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली जाहीरपणे मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती प्रत्यक्षात आणणारी आरएसए पद्धत शोधली. सामान्य माणसाच्या हाती ती आली जून १९९१ मध्ये, फिल झिमरमन यांच्या ‘प्रिटी गुड प्रायव्हसी’ अर्थात पीजीपी या सॉफ्टवेअरमधून. हे सॉफ्टवेअर देशाबाहेर गेले म्हणून अमेरिकी सरकारने झिमरमन यांची चौकशी सुरू केली आणि जानेवारी १९९६ मध्ये खटला न भरता ती बंद केली. नोव्हेंबर १९९८ मध्ये ओपनपीजीपी हे सर्वांसाठी खुले मानक आले. वेर्नर कॉख यांच्या ग्नूपीजी या मुक्त सॉफ्टवेअरची पहिली पूर्ण आवृत्ती ७ सप्टेंबर १९९९ रोजी निघाली. २०२० पासून थंडरबर्ड या मेल वाचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय अंगभूतच आहे. परभणीतल्या वकिलाला किंवा वार्ताहराला ती वापरायला आज एक रुपयाही लागत नाही.

आता मूळ मुद्दा. सार्वजनिक किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. त्या संख्येत कोणाचे नाव नसते. नाव आणि ई-मेलचा पत्ता ही तिच्या शेजारी ठेवलेली वेगळी मजकुराची ओळ असते. संख्या आणि ओळ यांच्यात निसर्गतः काहीच नाते नाही. सार्वजनिक किल्ली तर जगाला वाटायचीच वस्तू. ती किल्ल्या ठेवणाऱ्या सर्व्हरवर असते, मित्रांच्या संगणकांत असते, पत्रांना जोडून फिरत असते. वाटेत कोणीही ती उचलून शेजारची ओळ बदलली, तर संख्येला त्याचा पत्ताही लागणार नाही. किल्ली तीच राहते आणि तिच्यावरचे नाव बदलते.

याने काय बिघडते, ते पाहू. समजा, पोखर्णीची एक कार्यकर्ती गावातल्या एका प्रकरणाची कागदपत्रे मुंबईच्या वकिलाला पाठवते आहे. तिने सर्व्हरवरून वकिलाची किल्ली घेतली. त्या किल्लीशेजारचा पत्ता कोणीतरी बदललेला आहे. संगणकाने पत्र खऱ्या किल्लीने कुलूपबंद केले आणि खोट्या पत्त्यावर पाठवले. ज्याला ते मिळाले त्याला ते उघडता येणार नाही, कारण उघडण्याची किल्ली वकिलाकडेच आहे. पण वकिलाला पत्र मिळालेच नाही. शिवाय कोणी, कोणाला, कधी लिहिले, हे तिऱ्हाइताला कळले. पत्राचा मजकूर सुरक्षित राहिला आणि तरी पत्रव्यवहार फसला.

याचा दुसरा प्रकार अधिक वाईट आहे. एखाद्याने आपल्या किल्लीशेजारी दुसऱ्याच माणसाचे नाव चिकटवले, तर आपण सही केलेली पत्रे त्या माणसाची म्हणून दाखवता येतील. आपले शब्द त्याच्या तोंडी जातील आणि आपल्याला त्याची खबरही नसेल.

स्वसही हे दोन्ही दरवाजे बंद करते. किल्ली आणि नावाची ओळ एकत्र घेऊन त्यांचे गणिती सार काढले जाते आणि त्या सारावर त्याच जोडीच्या खासगी किल्लीने सही होते. तिचा अर्थ इतकाच: ‘ही किल्ली माझ्या ताब्यात आहे आणि हे नाव मी तिला लावले आहे.’ नावातली एक वेलांटी जरी इकडची तिकडे झाली, तरी सार बदलते आणि सही जुळत नाही. ग्नूपीजी अशी स्वसही नसलेली नावाची ओळ सहसा स्वीकारतच नाही. पीजीपीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मात्र किल्लीवर आपोआप सही होत नसे. वापरणाऱ्याने ती वेगळी आज्ञा देऊन करायची असे. ज्यांना हे माहीत नव्हते त्यांच्या किल्ल्या तशाच उघड्या फिरत राहिल्या. पुढे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी ही सही किल्लीच्या जन्माबरोबरच बांधून टाकली, हे योग्यच झाले.

स्वसहीत नाव आणि पत्ता एवढेच बांधलेले नसते. सहीचा दिवस, किल्लीची मुदत, ती कोणकोणत्या कामाला चालते, कोणती गणिती पद्धत वापरावी याविषयी मालकाची पसंती, हे सारे स्वसहीच्या पोटात असते. मुदत वाढवायची तर नवी किल्ली लागत नाही, नवी स्वसही पुरते. पत्ता बदलला तर नव्या पत्त्याची ओळ जोडून तिच्यावर सही करायची आणि जुन्या ओळीवरची सही रद्द झाल्याचे सहीनिशी जाहीर करायचे. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या किंवा न बदलता दोन्ही नावांनी ओळखल्या जाणाऱ्या बायकांसाठी ही सोय फार मोलाची आहे. किल्ली एकच राहते, लोकांनी ठेवलेला विश्वास वाया जात नाही, आणि कोणते नाव चालू आणि कोणते बंद हे ती बाई स्वतः ठरवते. ही ओळ युनिकोडमध्ये लिहिलेली असते, त्यामुळे नाव देवनागरीतही लिहिता येते. ज्यांची नावे रोमन लिपीत प्रत्येक कार्यालयात वेगळी लिहिली जातात, त्यांनी ही मोकळीक जरूर वापरावी.

मुख्य किल्लीच्या हाताखाली उपकिल्ल्या असतात. एक पत्रे उघडण्यासाठी, एक सह्या करण्यासाठी. मुख्य किल्ली सही करून सांगते की ही उपकिल्ली माझी. पण सही करणाऱ्या उपकिल्लीनेही उलट सही करून ‘माझी मालक हीच’ असे सांगावे लागते. ते नसेल तर कोणीही दुसऱ्याची उपकिल्ली आपल्या नावाखाली ओढून घेईल आणि त्याने सही केलेले लेखन आपले म्हणून मिरवेल. दोघांचीही संमती नोंदली गेल्याशिवाय नाते मानायचे नाही, हा नियम आता मानकातच आहे.

सही किती मजकुरावर पडली आहे, हा या विषयातला कळीचा प्रश्न आहे आणि आपल्या दप्तरखान्यांना तो परका नाही. शिवकाळातील पत्रात मजकूर जिथे संपतो तिथे मोर्तब होत असे. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा दिसते. लेखाची मर्यादा इथे झाली, याखाली कोणी ओळ घातली तर ती पत्राचा भाग नव्हे, असा त्याचा उपयोग होता. ओपनपीजीपीच्या सहीतही अशी मर्यादा असते. सहीबरोबर जाणाऱ्या माहितीचा एक भाग सहीच्या आत, म्हणजे सारात धरलेला असतो आणि एक भाग सहीच्या बाहेर असतो. बाहेरच्या भागात कोणीही काहीही लिहू शकतो, म्हणून त्यावर महत्त्वाचा निर्णय सोपवायचा नसतो.

पीजीपीच्या ५.५ पासून ६.५.३ पर्यंतच्या आवृत्त्यांत नेमका तोच निर्णय तिथे सोपवला गेला होता. कर्मचाऱ्याला आलेले पत्र गरज पडल्यास कंपनीलाही उघडता यावे, म्हणून त्या आवृत्त्यांत ‘या जादा किल्लीनेही कुलूपबंद करा’ अशी सूचना किल्लीच्या स्वसहीत ठेवण्याची सोय होती. सूचना सहीच्या आतल्या भागात असेल तरच मानायला हवी होती. सॉफ्टवेअर बाहेरच्या भागातलीही मानत होते. ऑगस्ट २००० मध्ये राल्फ झेंडेरेक या संशोधकाने हे दाखवून दिले. कोणाच्याही किल्लीची प्रत घ्यायची, सहीबाहेरच्या भागात आपली किल्ली जादा म्हणून नोंदवायची आणि प्रत पसरवायची. स्वसही तपासली तर ती बरोबरच निघे, कारण तिने धरलेला मजकूर कोणी बदललेला नसे. त्या प्रतीच्या भरवशावर लिहिणाऱ्याचे पत्र मात्र चोरालाही उघडता येई. पुढच्या दुरुस्त आवृत्तीत ही चूक काढली गेली. सही बरोबर आहे एवढे पुरत नाही. सहीने नेमके काय आपल्या कवेत घेतले आहे ते पाहावे लागते. या पुस्तिकेतल्या तांत्रिक प्रकरणांचा बराच भाग याच तपासणीवर खर्च केला आहे.

मग स्वसही असलेली किल्ली खरी समजावी का? इथे प्रत्येक नवशिक्याने थांबून विचार करावा. स्वसही सांगते की या किल्लीचा मालक स्वतःला या नावाने म्हणवतो. तो खरोखर त्या नावाचा माणूस आहे, हे ती सांगत नाही आणि सांगू शकत नाही. उद्या कोणी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने किल्ली बनवली, तर तिच्यावरची स्वसही गणिताने अगदी निर्दोष असेल.

२०१६ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांच्या नावाच्या बनावट किल्ल्या सर्व्हरवर सापडल्या. त्यांवर स्वसह्या होत्या. इतकेच नव्हे, त्यांचा आठ अक्षरी छोटा क्रमांकही खऱ्या किल्लीशी जुळत होता. आठ अक्षरांत सुमारे ४२९ कोटी क्रमांक बसतात. माणसाला हा आकडा मोठा वाटतो. संगणकाला हवा तो क्रमांक येईपर्यंत किल्ल्या बनवत राहणे फारसे अवघड नाही. म्हणून किल्ली ओळखायची ती तिच्या पूर्ण ठशावरून, म्हणजे किल्लीपासून निघणाऱ्या लांब क्रमांकावरून. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या किल्ल्यांचा ठसा चाळीस अक्षरांचा असतो, आणि तो चार-चार अक्षरांच्या दहा गटांत वाचता येतो. समोरच्याला फोन लावावा, आवाज ओळखावा, दहा गट एकमेकांना वाचून दाखवावेत. काही मिनिटांचे काम आहे आणि ते टाळून चालत नाही.

स्वसहीसारखी सही कागदावरही आपल्या ओळखीची आहे. महाराष्ट्र शासनाने ९ मार्च २०१५ च्या निर्णयाने अनेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि अधिकाऱ्याच्या सहीऐवजी स्वतः साक्षांकित केलेली प्रत चालेल असे ठरवले. झेरॉक्सवर आपणच सही करतो, त्याने कागद आपोआप खरा होत नाही. त्या कागदाचा भार आपण आपल्या शिरावर घेतो, एवढेच होते. मूळ कागद पुढे कोणीतरी पाहायचाच असतो. स्वसहीचे बळ आणि तिची मर्यादा तेवढीच आहे. फरक असा की झेरॉक्सच्या कोपऱ्यातल्या सहीने वरची अक्षरे बांधली जात नाहीत. स्वसहीने मात्र अक्षर न् अक्षर बांधले जाते.

नाव खरे असल्याची ग्वाही द्यायची ती दुसऱ्या माणसांनी. झिमरमन यांनी १९९२ साली पीजीपीच्या दुसऱ्या आवृत्तीत हाच मार्ग पुढे ठेवला. मी तुला ओळखतो, तुझा ठसा मी स्वतः ताडून पाहिला, म्हणून तुझ्या किल्लीवर मी माझी सही करतो. माझ्यावर विश्वास असणारा मग तुझ्या किल्लीवरही ठेवील. अशा ओळखींचे जाळे विणले जाईल आणि कोणा एका अधिकाऱ्याची गरज उरणार नाही. ज्या गावात माणसाची पत शेजारी आणि सोयरे यांच्या शब्दावर ठरते, त्या गावाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

जाळ्याचीही परीक्षा झाली. जून २०१९ मध्ये रॉबर्ट हॅन्सन आणि डॅनियल कान गिलमोर या दोन जाणकारांच्या किल्ल्यांवर अज्ञातांनी निरर्थक सह्यांचा ढीग घातला. सर्व्हर कोणाचीही सही ठेवून घेत आणि काढून टाकत नसत. त्या सुजलेल्या किल्ल्या आणल्या की वापरणाऱ्याचे सॉफ्टवेअरच अडून बसे. त्यावर उपाय म्हणून जुलै २०१९ च्या ग्नूपीजी २.२.१७ मध्ये नवा नियम आला: सर्व्हरवरून किल्ली आणताना फक्त मालकाच्या स्वतःच्या सह्या घ्यायच्या, बाकीच्या गाळायच्या. त्याच सुमारास सुरू झालेला नवा ओपनपीजीपी किल्ली-सर्व्हरही दुसऱ्यांच्या सह्या सहसा पुढे देत नाही, आणि मालकाने मेलवरून होकार दिल्याशिवाय नाव-पत्ता दाखवत नाही. साक्षीदारांच्या गर्दीत खोटे साक्षीदार शिरले तेव्हा सारी व्यवस्था मागे सरून स्वसहीपाशी येऊन उभी राहिली. कारण तेवढी एकच सही अशी आहे की जी मालकाशिवाय दुसऱ्या कोणाला करता येत नाही.

अधिकाऱ्यांच्या साखळीचीही परीक्षा झाली आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या काही संकेतस्थळांच्या नावाने अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. ती भारत सरकारच्या एनआयसी या संगणक-संस्थेच्या प्रमाणन प्राधिकरणाकडून निघाली होती, आणि ३ जुलैला नियंत्रकाने त्या प्राधिकरणाची प्रमाणपत्रे रद्द केली. वरून दिलेला विश्वास तुटतो तेव्हा एका झटक्यात हजारोंचा तुटतो. खालून विणलेला विश्वास तुटतो तेव्हा तेवढीच गाठ सुटते, पण तो विणायला वेळ आणि कष्ट लागतात. सरकारी कामात डिजिटल स्वाक्षरीला कायद्याचे पाठबळ आहे आणि ते हवेच. परवानाधारक प्राधिकरणाच्या प्रमाणपत्रावर आधारलेल्या सहीला जे स्थान कायदा देतो, ते आपल्या घरी बनवलेल्या किल्लीला नाही. वाचकाने दोन्हींची गल्लत करू नये. सातबाऱ्यावर तलाठ्याचीच सही लागेल. आपल्या खासगी पत्राला मात्र आपली किल्ली पुरते.

जुनी किल्ली वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. सार काढण्याची एसएचए-१ ही जुनी पद्धत आता भरवशाची राहिलेली नाही. जानेवारी २०२० मध्ये ल्युराँ आणि पेराँ या संशोधकांनी दोन वेगवेगळ्या नावांच्या पीजीपी किल्ल्यांचे सार एकच निघेल अशी जोडी बनवून दाखवली. एकीला मिळालेली ग्वाही दुसरीला चिकटवता येते, हे त्याने सिद्ध झाले. आपली स्वसही त्या पद्धतीची असेल तर किल्ली फेकायची गरज नाही. एसएचए-२५६ वापरून स्वसही नव्याने करावी. अनेक नवी सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीच्या सह्या मानतच नाहीत.

हे सगळे पोखर्णीसारख्या गावाला कशाला, असे काही जण विचारतील. परळीच्या रेल्वेमार्गावरचे, नृसिंहाच्या देवळासाठी ओळखले जाणारे हे गाव. इथल्या लोकांची कागदपत्रे, आजारपणाचे अहवाल, जमिनीचे वाद, बाहेरगावी शिकणाऱ्या मुलींची पत्रे आता मेलवरूनच जातात. गुपित राखण्याचा हक्क शहरातल्या माणसाइतकाच त्यांनाही आहे. त्यासाठी लागणारी माहिती मराठीत, सोप्या क्रमाने आणि खोट्या आश्वासनांशिवाय मिळायला हवी, म्हणून ही पाने लिहिली.

वाचकाने ही पाने किल्ली बनवत-बनवत वाचावीत. पहिल्या भागात किल्ली तयार होईल. तेव्हाच तिच्या स्वसहीचा तपशील उघडून पाहावा: नाव बरोबर आहे का, मुदत दिली आहे का, सार कोणत्या पद्धतीचे आहे. खासगी किल्लीची प्रत आणि किल्ली रद्द करण्याचे प्रमाणपत्र कागदावर किंवा वेगळ्या पेनड्राइव्हवर जपून ठेवावे. दुसऱ्या भागात ठसा ताडण्याची रीत आहे. ती पुरी केल्याशिवाय कोणाच्याही किल्लीवर सही करू नये, मग तो कितीही जवळचा असो. आपल्या नावाची जबाबदारी घेण्यापासून सुरुवात करावी, आणि दुसऱ्याच्या नावाची ग्वाही देताना तेवढीच जबाबदारी मानावी. गणित पहिल्या कामात पूर्ण मदत करते. दुसरे काम आपल्यालाच करायचे आहे.

पोखर्णी, जि. परभणी